ओळ क्रमांक सातशे बारा

“कुठल्या शहाण्यानं केलंय हे मराठी?”

हे मी जरा मोठ्यानंच बोलले. डोळ्यांच्या दवाखान्यात, नंबर घ्यायच्या मशिनसमोर, मागे पंधरा-वीस माणसांची रांग असताना. अव्वाच्या मोतीबिंदूची तारीख घ्यायची होती. सकाळी सातच्या एसटीनं आम्ही मायलेकी वळसंगहून निघालो होतो. एप्रिलचं सोलापूर नऊ वाजताच तापलं होतं आणि त्या मशिनच्या काचेवर चार बटणं माझ्याकडे बघत होती. एकावर लिहिलं होतं – ‘कृपया आपण यापूर्वी’. दुसऱ्यावर – ‘कृपया आपल्यासोबत’. तिसऱ्यावर – ‘कृपया आपला’. आणि चौथ्यावर नुसतंच ‘कृपया’.

“कृपया काय? काय करू कृपया?” मी मशिनलाच विचारलं.

“मराठी बरोबर आहे, मॅडम,” मागून आवाज आला. “बटण लहान पडलंय.”

मी वळले. उंच, सावळा, खांद्याला लॅपटॉपची बॅग, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर सांगते. तेव्हा मी चिडलेली होते.

“लहान पडलंय? मग मोठं करा की!”

“तेच करायला आलोय.” त्यानं मशिनला वायर जोडली, लॅपटॉप उघडला आणि मला दाखवला. “हे बघा, वाक्य पूर्ण आहे. ‘कृपया आपण यापूर्वी या रुग्णालयात तपासणी केलेली असल्यास तसे कळवावे.’ चांगलं आहे की. फक्त मावत नाही.”

ते वाक्य मी ओळखलं. सात-आठ महिन्यांपूर्वी पुण्याच्या एका एजन्सीनं मला भाषांतरासाठी चारशे ओळी पाठवल्या होत्या. इंग्रजीत दोन-दोन शब्द, पुढे-मागे काही नाही. मला वाटलं, भिंतीवरच्या पाट्या असतील. म्हणून मी छान, आदरानं, लांबलचक लिहिलं होतं. तो शहाणा म्हणजे मीच.

“हे... मी केलंय,” मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

“पण हे बटण आहे, असं तुम्ही सांगितलं होतं का?” मी तरी भांडलेच. “किती अक्षरं मावतात, कुठं दिसणार, कोण वाचणार... काही? अंधारात सुईत दोरा ओवायला दिलात की मला!”

“सांगायचं असतं, हेच मला माहीत नव्हतं,” तो म्हणाला. अगदी सरळपणे. मागून एक आजोबा ओरडले, “ए बाई, तुमचं जमलं असंल तर सरका की जरा!”

त्याचं नाव विरेश. होटगी रोडवर चार माणसांचं ऑफिस, दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचे. आठवड्यानं त्याचा फोन आला. दवाखान्याला मशिन आणि नवं मोबाइल ॲप दोन्ही मराठी, कन्नड आणि तेलुगूत हवं होतं, कारण अक्कलकोट, इंडीकडचे पेशंट कन्नड बोलणारे आणि शहराच्या पूर्व भागातले तेलुगू. घरी कन्नड आणि शाळेत मराठी शिकलेल्या माझ्यासारखीला मराठी आणि कन्नड दोन्ही जमणारं होतं.

“करते,” मी म्हणाले, “पण एका अटीवर. एकेका ओळीसमोर लेबल लावायचं. ही ओळ बटण आहे की मथळा की सूचना, कुठल्या पानावर आहे, किती अक्षरं मावतात, दाबल्यावर काय होतं. लेबल नसेल त्या ओळीला मी हात लावणार नाही.”

“बरं,” तो म्हणाला. तेव्हा मला माहीत नव्हतं की हा माणूस आयुष्यातल्या निम्म्या प्रश्नांना ‘बरं’ एवढंच उत्तर देतो.

सोमवारी नऊशे ओळींचा ऑनलाइन तक्ता आला, त्यानं काही बदललं की मलाही दिसेल असा. मी तो उघडला, अर्धा तास वाचला आणि फोन लावला.

“विरेश, ओळ चाळीससमोर काय लिहिलंय?”

“बटण.”

“एक्केचाळीस?”

“बटण.”

“बेचाळीस?”

“...तेही बटण.”

“एवढी बटणं शर्टाला लावायचीत का ओ? कुठलं बटण? ते दाबलं की काय होतं? दाबणारा कोण?”

“दाबणारा कोण हेही लिहायचं?”

“लिहा की. त्याच्याशीच तर बोलायचंय मला.”

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. मग हळूच – “हे बरोबर आहे तुमचं.”

पुढे काय झालं ते मला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं. तो तीन दिवस सकाळी नऊपासून त्या मशिनशेजारी स्टूल टाकून बसला. कोण येतं, कुठं अडतं, काय विचारतं ते बघत. आणि मग माझ्या तक्त्यात लेबलं यायला लागली.

‘बटण. चौदा अक्षरं. हे बहुतेक म्हातारी माणसं दाबतात. बोट थरथरतं, म्हणून मोठं ठेवलंय. शब्दही सोपा द्या.’

‘मथळा. पेशंटपेक्षा त्याच्यासोबत आलेली सूनच हा वाचते. तिला घाई असते.’

‘सूचना. ही वाचणाऱ्याला नुकतंच कळलंय की ऑपरेशन पुढं ढकललं. तो गावाहून आलेला आहे. त्याला धीर वाटेल असं लिहा.’

ही शेवटची मी चार वेळा वाचली. पाचव्यांदा वाचताना लक्षात आलं की मी ओळ वाचत नाहीये, ती लिहिणाऱ्याचा चेहरा आठवतेय. आता सांगते, त्याचे डोळे शांत होते. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत तिथंच थांबणारे. घरात, गावात, एसटीत, सगळीकडे माझं वाक्य अर्ध्यात तोडणारीच माणसं होती, त्यामुळे मला असल्या डोळ्यांची सवय नव्हती.

दर बुधवारी आम्ही दवाखान्याच्या कँटीनमध्ये बसायचो. मी केलेले शब्द तो मोबाइलवर घालून दाखवायचा आणि आम्ही भांडायचो.

“हा शब्द दोन अक्षरांनी लांब आहे.”

“मग बटण दोन अक्षरांनी वाढवा.”

“शेजारचं बटण सरकतं.”

“सरकू दे की. शेजाऱ्यानं थोडं सरकलं तर काय बिघडतं?”

तो कपाकडे बघून हसायचा. पंख्याखालची खुर्ची न बोलता माझ्याकडे सरकवायचा. मला चहात साखर कमी लागते हे एकदाच सांगितलं होतं, पुन्हा सांगावं लागलं नाही. संध्याकाळी मोटारसायकलवरून स्टँडवर सोडायचा आणि वळसंगची गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहायचा. उन्हानं लाल झालेला, घामानं भिजलेला. प्रेमकथेत पाऊस असतो म्हणतात. आमच्या वाट्याला बेचाळीस डिग्री आली होती.

एकदा खिडकीतून मी विचारलं, “तुम्ही दर वेळी असे थांबता ते कशासाठी?”

“गाडी... सुटेपर्यंत,” तो म्हणाला.

घ्या! माणूस एका बटणावर चार-चार ओळी लिहितो आणि स्वतःबद्दल विचारलं तर तोंडातून एसटीचं टाइमटेबल येतं. मी खिडकीची काच खाडकन ओढली. मग गरम व्हायला लागलं म्हणून परत उघडली. तो तिथंच होता.

तेलुगूचं काम अंबादास सरांकडे होतं. पूर्व भागातल्या शाळेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, शिस्तीचे. स्क्रीनवर वाचलेलं त्यांना पटत नसे. रोज रात्री तक्ता आपोआप मेलनं त्यांना जाई आणि ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणत, शाईच्या पेनानं भाषांतर लिहीत आणि पानांचे फोटो मला पाठवत. मी सगळ्यांत आधी पाहिलं ते हे, की सर लेबलांचंसुद्धा भाषांतर करतात. ‘बोट थरथरतं’ वगैरे सगळं सुंदर तेलुगूत.

“सर, लेबलं फक्त आपल्याला समजण्यासाठी आहेत हो,” मी दोनदा सांगितलं.

“बाई, पानावर जे आलं ते भाषांतरात आलं पाहिजे. अर्धवट काम मी चाळीस वर्षांत केलेलं नाही.”

मी नाद सोडला.

मे महिना संपत आला आणि माझ्या वडिलांनी, आप्पांनी, बातमी आणली. सांगोल्याचं स्थळ. मुलगा संगमेश, डाळिंबाची बाग, स्वभावानं चांगला, माणसं आपल्यातली. येत्या रविवारी अकरा वाजता बघायला येणार.

“तुला काय वाटतं?” असं आप्पांनी विचारलंही. मी म्हणाले, “बघू.” दुसरं काय सांगणार होते? की आप्पा, एक माणूस आहे, तो माझ्यासाठी खुर्ची सरकवतो?

बुधवारी कँटीनमध्ये मी विरेशला सांगितलं. मुद्दाम त्याच्या डोळ्यांत बघून. “रविवारी मला बघायला येणार आहेत. सांगोल्याहून.”

त्याच्या हातातला कप बशीवर टेकला. तो काहीतरी म्हणणार होता, ओठ हललेसुद्धा.

“बरं,” तो म्हणाला.

“बरं?”

“म्हणजे... चांगलं आहे. डाळिंबाचा भाग आहे तो.”

डाळिंबाचा भाग आहे तो! मी पर्स उचलली आणि रिक्षा करून स्टँडवर गेले. एसटीत डोळे पुसले. शेजारच्या बाईनं विचारलं, तर म्हटलं धूळ गेली. आता रविवारी संगमेशला हो म्हणायचं की नाही, एवढाच प्रश्न उरला होता. आणि खरं सांगते, रागाच्या भरात मी हो म्हणाले असते.

शनिवारी दुपारी अंबादास सरांचा फोन आला.

“बाई, ओळ सातशे बाराबद्दल शंका आहे.”

मी तक्ता उघडला. सातशे बारा म्हणजे अपॉइंटमेंट रद्द करण्याआधी विचारला जाणारा प्रश्न. लेबलाच्या जागी लिहिलं होतं – ‘प्रश्न. तीस अक्षरं.’ बास. “काय शंका आहे सर? सरळच तर आहे.”

“सरळ कसली? लेबल केवढं मोठं आहे! हा मजकूर पेशंटनं वाचायचा की कर्मचाऱ्यांनी, तेच कळत नाही.”

“माझ्याकडे तीनच शब्द आहेत सर.”

“माझ्याकडे छापील प्रत आहे. गुरुवारी रात्री आलेल्या मेलची. थांबा, वाचून दाखवतो.” सरांनी घसा साफ केला आणि चौथीच्या वर्गाला शुद्धलेखन घालावं तसं, एकेक शब्द सावकाश सांगायला लागले. “हे बटण नाही, स्वल्पविराम, सूचनाही नाही, पूर्णविराम. महेश्वरी, स्वल्पविराम – बाई, हे तुमचंच नाव आहे ना? – रविवारी त्या मुलाला होकार देऊ नका, पूर्णविराम. मला तुम्ही फार आवडता, पूर्णविराम. हे तोंडानं सांगायला तीन वेळा कँटीनमध्ये आलो आणि तिन्ही वेळा नुसता चहा पिऊन गेलो, पूर्णविराम.”

मी तक्ता बंद केला, परत उघडला. सातशे बारासमोर अजूनही तेच तीन शब्द.

“आता माझी शंका,” सर म्हणाले. “ऑपरेशनच्या आधी चहा चालतो का? कारण मी तेलुगूत तसंच लिहिलंय, आणि उद्या कुणी पेशंट पिऊन आला तर जबाबदारी कोणाची?”

“सर... परत वाचा.”

“कुठून?”

“मला तुम्ही... तिथून.”

सरांनी परत वाचलं, विरामचिन्हांसकट. मग पान उलटल्याचा आवाज आला.

“अरे देवा,” सर हळूच म्हणाले. “हे ॲपचं नाही, होय?”

तासाभरात मी दवाखान्यात होते. विरेश मशिनपाशी वाकून काहीतरी तपासत होता.

“सातशे बारा का पुसलीत?”

तो सरळ झाला. आधी काही कळलं नाही त्याला, मग कळलं, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. “तुम्ही... ती तर मी दहा मिनिटांत काढली होती.”

“माझ्या तक्त्यातून काढलीत. त्याच दहा मिनिटांत सरांना मेल गेला. सरांनी छापली, तेलुगूत भाषांतर केलं आणि मला फोनवर वाचून दाखवली. दोनदा!”

त्यानं कपाळाला हात लावला.

“चुकून लिहिली होती का?”

“नाही.”

“मग चुकून पुसलीत?”

“नाही. भीती वाटली.” तो जमिनीकडे बघत बोलत होता. “तुम्ही नाही म्हणाला असतात तर बुधवार गेले असते. तेवढेच होते माझ्याकडे.”

हे ऐकून मी पाघळले, ते दाखवलं मात्र नाही. दोन महिन्यांचा राग असा एका वाक्यात कसा सोडून देणार?

“हे बघा विरेश, अंबादास सरांच्या तोंडून ऐकायला छान वाटलं. पण लग्न मला सरांशी करायचं नाहीये. उद्या अकराला पाहुणे येणार. त्याआधी जे सांगायचं ते तोंडानं सांगा. लिहून नाही, छापून नाही.”

“कुठं येऊ?”

“वळसंग. मारुतीच्या देवळामागं. महादेवप्पांचं घर विचारा, कुणीही दाखवेल.”

“बरं,” तो म्हणाला.

मी दात-ओठ खात परत आले.

रविवारी दहा वाजले. अव्वा शेंगापोळ्या लाटत होती. मला साडी नेसवून बसवलं होतं आणि माझं सगळं लक्ष रस्त्याकडे. सव्वादहा. साडेदहा. माझ्या मनात आलं, हा आता देवळापाशी येऊन तिथूनच चहा पिऊन जाणार. तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला.

तो दारात उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, पाठीला घामानं चिकटलेला. आप्पा ओसरीवर बसले होते. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्याकडे वळून कन्नडमध्ये विचारलं, “यारु इवरु?” हे कोण?

आणि काय सांगू? दोन महिने त्या माणसाच्या मागं लागलेली मी, प्रत्येक गोष्ट काय आहे ते स्पष्ट लिहा म्हणून, मीच ततपप करायला लागले. “हे... आमच्या कामातले आहेत आप्पा. मशिनचे.”

विरेशनं माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी स्वतःचा जेवढा राग आला तेवढा त्याचाही कधी आला नव्हता.

“नाही,” मी म्हणाले. “आप्पा, ह्यांच्यासाठी मला आजच्या पाहुण्यांना नको म्हणायचंय.”

आतली लाटण्याची खटखट थांबली. आप्पांचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला.

“आनि हे तू आता सांगतीस? पाहुनं निगालं की तकडनं! दोन मैनं मूग गिळून बसली व्हतीस व्हय?” त्यांनी टोपी काढून मांडीवर आपटली. “त्या पोराला आता कोन सांगनार? मी न्हाय सांगनार. मी शबूद दिलाय.”

“मी सांगतो,” विरेश म्हणाला.

आम्ही सगळेच त्याच्याकडे बघायला लागलो. अव्वा हाताला पीठ तसंच घेऊन दारात आली. आप्पांनी संगमेशचा नंबर लावून आपला फोन विरेशच्या हातात दिला, आणि स्पीकर सुरू केला.

“हॅलो, बोला मामा,” संगमेशचा आवाज आला.

विरेशनं एकदा श्वास घेतला. “मी विरेश बोलतोय. आपली ओळख नाही. महेश्वरीवर माझं प्रेम आहे, मला तिच्याशी लग्न करायचंय. हे आधी सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही, चूक माझी आहे. तिची नाही, तिच्या घरच्यांची नाही. मला माफ करा.”

सरळ. एका दमात. कँटीनमध्ये जे दोन महिन्यांत जमलं नाही ते.

पलीकडे गाडीचा ब्रेक लागला. मग – “आवो, आदी सांगायचं की राव! मंगळवेडा सोडून लई फुडं आलोय आमी. आई-बाबा मागं बसल्यात.” मग जरा उतरलेल्या आवाजात, “मुलीला पसंत हाय का पन तुमी?”

विरेशनं माझ्याकडे पाहिलं.

“व्हय,” मी फोनकडे बघून म्हणाले. “आहे.”

“मग काय बोलायचं,” संगमेश म्हणाला. बिचारा. खरंच चांगला होता तो.

आप्पांनी फोन हिसकावून घेतला. “पावनं, म्हागं फिरू नगा. उन्हाचं कुटं जाता? सैपाक झालाय. जेवायला या. आमचं चुकलंय, तेवडं तरी गोड मानून घ्या.” मग फोन ठेवून ते विरेशकडे बघत राहिले. “तू बी थांब. पळू नगंस. आईबापाला बोलीव तुज्या.” एवढं बोलून ते टोपी तिथंच टाकून आत गेले, आणि अव्वाही त्यांच्यामागं.

ओसरीवर आम्ही दोघंच उरलो. रस्त्यावर ऊन नुसतं रणरणत होतं. तो खांबाला टेकून उभा, कुणी शर्यत धावून यावं तसा.

“अंबादास सरांना कळलं,” मी म्हणाले. “आप्पांना कळलं. अव्वाला, संगमेशला, त्याच्या आई-बाबांना, सगळ्यांना सांगून झालं. मला कधी सांगणार?”

“तुम्हाला... माहितीय की.”

“माहितीय. तरी सांगा.”

त्यानं जमिनीकडे पाहिलं नाही. त्या शांत डोळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. “महेश्वरी,” तो म्हणाला, “मला तुम्ही आवडता. लई आवडता.”

बास, एवढंच होतं. एवढ्यासाठी ह्या माणसानं दोन महिने लावले. मला इतका राग आला त्याचा, आणि इतकं रडू आलं, की “मला पण” म्हणताना माझा आवाजच निघेना. म्हणून मी ते दुसऱ्यांदा म्हणाले, मोठ्यानं, आत स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल असं.